३० मीटर क्लिअर स्पॅनचा पीईबी (प्री-इंजिनिअर्ड बिल्डिंग) शेड: २६ किलो आणि ३५ किलो प्रति चौरस मीटर, एवढा फरक कशामुळे?

चाकण_प्लांट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. चाकण एमआयडीसीत ३० मी × ६० मी चा शेड करायचा आहे. ईव्ह (छताची खालची कड) ८ मीटर, उतार १:१०, मधे कॉलम नको. ३ मीटरपर्यंत वीटकाम, त्यावर ०.५ मिमी शीट. लांबीच्या एका भिंतीला ४ × ५ मीटरची दोन रोलिंग शटर्स. छतावर पुढे सोलर बसेल. ५ टनी क्रेनचा विचार चालू आहे, पण नक्की काही नाही.

तीन कोटेशन्स आली आहेत. शीट सोडून फक्त स्टील धरलं तर २६, ३१ आणि ३५ किलो प्रति चौरस मीटर. १,८०० चौरस मीटरवर हे साधारण ४७, ५६ आणि ६३ टन होतं. तिघेही म्हणतात की डिझाइन "कोडप्रमाणे" आहे, आणि तिघांच्या रिपोर्टमध्ये सगळे मेंबर (कॉलम, राफ्टर असे स्टीलचे भाग) ०.९५ ते ०.९९ रेशोला (भार भागिले क्षमता) पास आहेत. मालकांचा कल अर्थातच २६ किलोकडे आहे. हा फरक खऱ्या कौशल्यातून आला की कुठे तरी काही गाळलं, हे कसं ओळखायचं? आणि वजन रास्तपणे कमी करायचं असेल तर कशाला हात घालावा?

---

हॉन्च_ते_रिज

रेशो पाहून काहीच कळणार नाही. लोड कमी घेतला की पातळ मेंबरसुद्धा ०.९८ ला पास होतो. तिघांकडून डिझाइन बेसिस रिपोर्ट मागवा आणि पुढच्या गोष्टी शेजारी शेजारी लिहून काढा.

छताचा लाइव्ह लोड (दुरुस्तीची माणसं वगैरे तात्पुरता भार). आयएस ८७५ (भारांचा भारतीय कोड) भाग २ प्रमाणे १० अंशांपर्यंतच्या, वावर नसलेल्या छताला ०.७५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. तुमचा उतार ५.७ अंश, म्हणजे पूर्ण ०.७५ लागू. अमेरिकन एमबीएमए (मेटल बिल्डिंग उत्पादकांची संघटना) पद्धतीत मोठ्या फ्रेमला ०.५७ धरतात. शीट, पर्लिन (शीट धरणारे आडवे मेंबर), फ्रेमचं स्वतःचं वजन आणि थोडा कोलॅटरल (दिवे, पाइप असा टांगलेला भार) मिळून ०.३० धरा. एकूण १.०५ ऐवजी ०.८७ झालं, म्हणजे फ्रेमवरचा उभा भार एका फटक्यात १७ टक्के उतरला. त्यात हुशारी काहीच नाही.

वारा. पुण्याचा मूळ वेग ३९ मी/से. टेरेन कॅटेगरी (आजूबाजूच्या अडथळ्यांचा वर्ग) २ मध्ये १० मीटर उंचीपर्यंत वेगाचा गुणक के२ = १.०, कॅटेगरी ३ मध्ये ०.९१. दाब वेगाच्या वर्गात जातो, म्हणून कॅटेगरी बदलली की वाऱ्याचा भारही १७ टक्क्यांनी घटतो. प्लॉटच्या आजूबाजूला आज मोकळं रान असेल तर कॅटेगरी २ च घ्या. शेजारी उद्या शेड उभे राहतील या भरवशावर ३ घेऊ नका.

कॅटेगरी २ मध्ये वाऱ्याचा दाब पीझेड = ०.६ × ३९² = ९१३ न्यूटन, म्हणजे ०.९१ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. मुख्य फ्रेमसाठी दिशा, क्षेत्रफळ आणि एकत्रित परिणाम यांचे गुणक केडी ०.९, केए ०.८, केसी ०.९ यांचा गुणाकार ०.६४८ येतो, पण कोड पीझेडच्या ०.७ पटीखाली जाऊ देत नाही. म्हणजे डिझाइन दाब ०.६४. हा ०.७ चा तळ पाळला आहे का, तेही बघा.

आता अंतर्गत दाब. तुम्ही शटर्सची मापं दिलीत हे फार बरं केलं. दोन शटर्स मिळून ४० चौरस मीटर, भिंत ६० × ८ = ४८० चौरस मीटर, म्हणजे ८.३ टक्के उघडी जागा. आयएस ८७५ भाग ३ मध्ये ५ टक्क्यांपर्यंत ±०.२, ५ ते २० टक्क्यांना ±०.५, त्यापुढे ±०.७. वादळात शटर उघडं राहू शकत असेल तर तुम्हाला ±०.५ लागू आहे. छताच्या वाऱ्याकडच्या अर्ध्या भागाचा बाह्य गुणांक या उताराला सुमारे −०.९४. त्यात आतला ०.२ मिळवला तर १.१४, ०.५ मिळवला तर १.४४. छत उचलणारा जोर २६ टक्क्यांनी वाढला, आणि हा फरक थेट पर्लिन, राफ्टरचा (छताच्या तिरक्या मेंबरचा) खालचा फ्लॅंज (आय-आकाराची आडवी पट्टी), अँकर बोल्ट आणि फुटिंगपर्यंत पोचतो.

माझा अंदाज, २६ किलोवाल्याने ०.५७, कॅटेगरी ३ आणि ±०.२ हे तिन्ही घेतलं असणार.

---

चाकण_प्लांट

रिपोर्ट उघडून पाहिले. २६ किलोच्या कोटेशनमध्ये एमबीएमए लोडिंग, ०.५७ लाइव्ह, कॅटेगरी ३, ±०.२, कॉलमचा झोल (वाऱ्याने माथ्याची आडवी हालचाल) उंची/६०, हिंज बेस (फिरू शकणारा कॉलमचा पाया) आणि ७.५ मीटरचे बे (दोन फ्रेममधलं अंतर). ३१ किलोवाल्याने सगळं आयएसप्रमाणे घेतलंय, बे ७.५ मीटर, हिंज बेस, झोल उंची/१५०. फक्त अंतर्गत दाब त्यानेही ०.२ च धरलाय. ३५ किलोवाला पूर्ण आयएस, ±०.५, पण बे ६ मीटरचे आणि फिक्स बेस (पक्का, न फिरणारा).

सोलर तिघांनीही धरलेलं नाही.

---

हॉन्च_ते_रिज

मग चित्र स्पष्ट आहे. पहिला आणि तिसरा एकाच इमारतीचे भाव देतच नाहीयेत.

सोलरसाठी पॅनेल आणि स्ट्रक्चर धरून ०.१५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर कोलॅटरलमध्ये घाला. मात्र अपलिफ्टच्या (वारा छत वर उचलतो त्या) कॉम्बिनेशनमध्ये, म्हणजे ०.९ डेड + १.५ विंडमध्ये, हा भार अजिबात धरू नका. सोलर बसेपर्यंत शेड त्याच्याशिवायच वारा झेलणार आहे. काही रिपोर्टमध्ये कोलॅटरल डेड लोडमध्येच मिसळलेला असतो आणि तो नकळत अपलिफ्ट कमी करून दाखवतो.

---

प्लेट_कटिंग

वजन कुठे वाचतं, त्यावर लिहितो.

आधी ढोबळ आकडा समोर ठेवू. ७.५ मीटरच्या बेला राफ्टरवर १.०५ × ७.५ = ७.९, १.५ ने गुणून ११.८ किलोन्यूटन प्रति मीटर. ३० मीटरवर स्टॅटिक मोमेंट (वाकवणारा परिणाम) सुमारे १,३३० किलोन्यूटन-मीटर. हिंज बेसच्या टेपर (खोली बदलत जाणाऱ्या) फ्रेममध्ये त्यातला निम्म्याहून जास्त वाटा हॉन्चला (कॉलम-राफ्टरच्या कोपऱ्याला) जातो, साधारण ७५० धरा.

आता हॉन्चची खोली. ७०० मिमी घेतली तर फ्लॅंजमधला जोर सुमारे १,०७० किलोन्यूटन. ई३५० (३५० मेगापास्कल ताकदीच्या) प्लेटला ३५०/१.१ = ३१८ प्रमाणे ३,३७० चौरस मिमी फ्लॅंज हवा. खोली १,००० केली तर ७५० किलोन्यूटन आणि २,३६० चौरस मिमी. दोन्ही फ्लॅंज मिळून मीटरला १६ किलो वाचले. पण ३०० मिमी जादा खोलीचा ६ मिमी वेब (दोन फ्लॅंज जोडणारी उभी प्लेट) १४ किलो परत घेऊन जातो. हाती राहिले मीटरला जेमतेम २ किलो. वर १,००० ला ६ मिमी वेब म्हणजे प्रमाण १६७, जे स्टिफनरशिवायच्या (आधार-पट्ट्यांशिवायच्या) २०० एप्सिलॉन (√(२५०/ताकद) हा गुणक) या मर्यादेला, ३५० च्या स्टीलला १६९, टेकलंच. म्हणून "खोली वाढवा, वजन घटेल" हे एका मर्यादेपर्यंतच खरं. त्यापुढची खोली ताकदीसाठी नसते, डिफ्लेक्शनसाठी असते. या शेडला हॉन्चजवळ ८५० ते ९५० मध्ये गणित जमायला हरकत नाही.

फ्लॅंजची रुंदी-जाडी निवडताना वर्गीकरणाकडे लक्ष हवं. ई३५० ला एप्सिलॉन ०.८४५. वेल्डेड फ्लॅंजच्या मोकळ्या भागाला सेमी-कॉम्पॅक्ट मर्यादा १३.६ एप्सिलॉन, म्हणजे ११.५. ५ मिमी वेबवर २०० × ८ चा फ्लॅंज घेतला तर ९७.५/८ = १२.२, स्लेंडर (दाबात लवकर फुगणारा) झाला. कडेचा जादा भाग हिशेबातून वजा होतो, पण पैसे त्याचेही मोजावे लागतात. १८० × ८ घेतला तर ८७.५/८ = १०.९, पूर्ण कामाला येतो. रुंदी हवीच असेल तर २०० × १० घ्या. फॅब्रिकेटरच्या ड्रॉइंगमध्ये २०० × ८ किंवा २०० × ६ सर्रास दिसतं.

वेबचंही तेच. शुद्ध बेंडिंगला १२६ एप्सिलॉन, म्हणजे १०६. ५ मिमी वेब ५३० खोलीपर्यंत, ६ मिमी ६४० पर्यंत सेमी-कॉम्पॅक्ट. राफ्टरमध्ये अक्षीय दाबही असतो, त्यामुळे प्रत्यक्ष मर्यादा आणखी खाली येते. अमेरिकन कोड स्लेंडर वेबला बरीच मोकळीक देतो. २६ आणि ३१ मधला काही फरक तिथूनही आलेला असणार.

टेपर कुठे बदलायचा हे प्लेटच्या मापावर बसवा. तिरका कट मारला की एका आयतातून दोन वेब निघतात, एकाची अरुंद बाजू दुसऱ्याच्या रुंद बाजूशेजारी. ९०० ते ४५० असा वेब असेल तर जोडी १,३५० रुंदीत बसते आणि १,५०० च्या प्लेटमधून निघते. तेच ९५० ते ६०० केलं तर १,५५० लागतात, प्लेट बदलावी लागते नाहीतर भंगार वाढतं. कागदावर हलकं डिझाइन भंगारात हरू शकतं, हे डिझायनरने कटिंग लेआउट पाहिल्याशिवाय कळत नाही.

अर्धा राफ्टर १५ मीटरचा, म्हणजे दोन तुकडे. स्प्लाइस (तुकड्यांचा जोड) मोमेंट कमी असेल तिथे घ्या. तुकडा १२ मीटरच्या आत ठेवा, साध्या ट्रेलरवर येतो. फ्लॅंजच्या जाडीचे प्रकार मोजके ठेवा: ८, १०, १२. एका राफ्टरमध्ये पाच जाड्या असतील तर बट वेल्डिंग आणि तपासणीचा खर्च वाचलेल्या स्टीलला खाऊन टाकतो.

गेबलबद्दल (टोकाच्या भिंतीबद्दल) कुणी बोललं नाही. शेड लांबीत वाढणार नसेल तर टोकाच्या दोन फ्रेम मुख्य फ्रेमसारख्या कशाला? त्यांच्यावर अर्ध्याच बेचा भार आणि खाली विंड कॉलम. पोस्ट-अँड-बीम गेबल केला की नऊपैकी दोन फ्रेम खूप हलक्या होतात. वाढ होणार असेल तर ज्या बाजूला होईल तिथेच मुख्य फ्रेम ठेवा.

---

आयएस_की_एआयएससी

एक बाजू मांडतो. अमेरिकन कोडने डिझाइन केलं म्हणजे चोरी केली असं नाही. टेपर मेंबर, स्लेंडर वेब, एकाच बाजूचं सलग वेल्डिंग यांचा विचार तिथे जास्त खोलात झालाय. चूक होते ती मिसळ करण्यात: लोड एमबीएमएचा, वारा आयएसचा पण टेरेन सोयीचा, मेंबर एआयएससीचा (अमेरिकन स्टील कोड), झोल उंची/६०. प्रत्येक ठिकाणी जो आकडा हलका तो उचलायचा. भारतातल्या जागेला लोड आयएसचेच असायला हवेत, आणि मालकाने मेंबरसाठी कोणता कोड ते निविदेत लिहून टाकावं.

झोलाचा मुद्दा मात्र तुमच्या शेडला महत्त्वाचा आहे. ८ मीटरला उंची/६० म्हणजे १३३ मिमी, उंची/१५० म्हणजे ५३ मिमी. नुसतं शीट असतं तर १३३ मिमीनेही फ्रेम पडणार नाही, पण शटर अडकेल, स्क्रूची भोकं लांबट होऊन गळती सुरू होईल. तुमच्याकडे ३ मीटर वीटकाम आहे. आयएस ८०० (भारतीय स्टील कोड) ठिसूळ भिंतीला उंची/२४० मागतो, म्हणजे ८ मीटरला ३३ मिमी, आणि ते पाळलं तर कॉलम भलते जाड होतील. त्यापेक्षा भिंत कॉलमला घट्ट बांधूच नका. कॉलम आणि वीटकामात २५ मिमी फट ठेवून त्यात लवचीक फिलर भरा, आणि भिंत तिच्या आरसीसी पोस्ट आणि बँडवर स्वतंत्र उभी राहू द्या. मग उंची/१५० पुरतं. फ्रेम ३ मीटरच्या पातळीला किती हलते ते मागवून घ्या आणि फट त्याहून मोठी ठेवा.

आणखी एक. झोल किंवा राफ्टरचं डिफ्लेक्शन, स्पॅन/१८० म्हणजे १६७ मिमी, गव्हर्न करत असेल तिथे ई२५० वरून ई३५० वर गेल्याने काही होत नाही. इलॅस्टिसिटी दोघांची सारखीच, २ × १०⁵. ताकदीला ई३५० फायद्याचं, ताठपणाला जडत्व लागतं.

---

झेड_पर्लिन

बे ६ मीटर की ७.५, यावर.

६ मीटरला ११ फ्रेम, ७.५ ला ९. दोन फ्रेम, चार फुटिंग, तेवढेच अँकर बोल्ट आणि एंड प्लेट कमी. दुसरीकडे पर्लिनचा मोमेंट लांबीच्या वर्गात, आणि लांबीच्या तुलनेतलं डिफ्लेक्शन घनात वाढतं. ६ वरून ९ वर गेलात तर २.२५ पट आणि ३.४ पट. म्हणून ९ मीटर या शेडला ताणलेलं होईल. ७.५ च्या आसपास राहा. ३५ किलोवाल्याचं जादा वजन बरंचसं ६ मीटरच्या बेमुळे आहे.

पण आठही बे सारखे करू नका. सलग लॅप केलेल्या (टोकं एकमेकांवर चढवलेल्या) झेड पर्लिनमध्ये सगळ्यात मोठा मोमेंट शेवटच्या बेमध्ये येतो, कारण त्याच्या एका टोकाला सातत्य नाही. बे समान ठेवले की टोकाच्या बेसाठी जाडी वाढवावी लागते, नाहीतर सगळीकडेच जाड पर्लिन टाकला जातो. दोन टोकांना ६.७५ आणि मधले सहा ७.७५ करा: १३.५ + ४६.५ = ६०. (६.७५/७.७५)² = ०.७६, म्हणजे टोकाचा मोमेंट जवळपास पाव हिश्शाने उतरला आणि एकच सेक्शन सगळीकडे चालण्याची शक्यता तयार झाली.

वजनाचा अंदाज: झेड २०० × ६० × २० × २.० मीटरला सुमारे ५.५ किलो. १.५ मीटर अंतराला ३.७ किलो प्रति चौरस मीटर, लॅप धरून थोडं वर. २.५ मिमी घेतला तर ६.९ किलो आणि ४.६. आतल्या भागात २.० मिमी बसतो का ते बघा, आणि ईव्ह, रिज व गेबलच्या कडेला, जिथे लोकल सक्शन जास्त असतं, तिथे जाडी न वाढवता अंतर १.५ वरून १.२ किंवा १.० करा. शीटचे स्क्रूही तिथे दाट लागतात. शीट उडतं ते कडेपासून.

अपलिफ्टमध्ये पर्लिनचा खालचा फ्लॅंज दाबात येतो आणि त्याला शीटचा आधार नसतो. ७.७५ मीटरला सॅग रॉडच्या (पर्लिनना मधे धरणाऱ्या सळ्यांच्या) दोन ओळी घ्या, आणि रॉड वेबच्या फक्त वरच्या भोकात न घालता आळीपाळीने वर-खाली जाऊ द्या. स्टँडिंग सीम छत घेणार असाल तर शीट क्लिपवर सरकतं, वरच्या फ्लॅंजलाही भरवशाचा आधार मिळत नाही. मग ब्रेसिंगचा हिशेब वेगळा करावा लागतो. स्क्रू-डाउन शीटचं डिझाइन स्टँडिंग सीमला तसंच चिकटवलेलं चालणार नाही.

---

मुरूम_आणि_काँक्रीट

फिक्स बेसने स्टील कमी होतं असं सांगून विकतात, पण तो मोमेंट जातो कुठे? फुटिंगमध्ये. तुमच्याकडे ३५ किलोत फिक्स बेस आहे, म्हणजे स्टीलही जास्त आणि काँक्रीटही जास्त. खाली काळी माती असेल तर फुटिंग थोडं जरी फिरलं तरी फिक्स बेस नावापुरता उरतो आणि झोल हिशेबापेक्षा वाढतो. क्रेन नसेल तर हिंज.

हिंज बेस म्हणजे फुटिंग सोपं, असंही नाही. दोन भार विसरले जातात. पहिला, बाहेर ढकलणारा आडवा जोर. पूर्ण डेड आणि लाइव्हला प्रत्येक कॉलमच्या पायाशी फॅक्टर न लावता ६० ते ६५ किलोन्यूटन येतो. पेडेस्टल (फुटिंगवरचा काँक्रीटचा खांब) १.५ मीटर उंच असेल तर फुटिंगच्या तळाशी त्याचा जवळपास १०० किलोन्यूटन-मीटर मोमेंट झाला. कॉलम हिंज असला तरी फुटिंग "फक्त उभा भार" म्हणून डिझाइन करता येत नाही. समोरासमोरच्या पेडेस्टलना फ्लोअर स्लॅबखालून टाय दिला, किंवा हेअरपिन (यू-आकाराच्या) सळ्या स्लॅबमध्ये नेल्या, तर फुटिंग लहान होतं. पण मग पुढे मशीन फाउंडेशनसाठी तो स्लॅब कापता येणार नाही. हे ड्रॉइंगवर लिहून ठेवा.

दुसरा, अपलिफ्ट. ७.५ मीटर बेला छताच्या सक्शनमधून डेड वजा जाता वाऱ्याकडच्या कॉलमला ±०.२ ने सुमारे ४७ किलोन्यूटन वर खेचणारा जोर, ±०.५ ने ६९. भिंतीवरच्या आडव्या वाऱ्याची भर वेगळी. ६९ म्हणजे जवळपास २.९ घनमीटर काँक्रीटचं वजन, वरची माती सोडून. फॅक्टर आणि स्थैर्याची तपासणी लावली की आकडा आणखी वाढतो. छोटं फुटिंग वजनात पास होईल, उचलण्यात नापास.

अँकर बोल्ट टेम्प्लेट लावूनच बसवा. गटातल्या बोल्टमध्ये ३ मिमी, शेजारच्या गटांमध्ये ६ मिमी, एवढीच सूट करारात लिहा. कर्ण, लेव्हल आणि थ्रेडची उंची काँक्रीटच्या आधी आणि लगेच नंतर अशी दोनदा मोजा. बोल्ट २० मिमी सरकला की साइटवर बेस प्लेटची भोकं गॅसने वाढवली जातात आणि बोल्टचा शिअर (आडवा जोर घेण्याची ताकद) संपतो. आडवा जोर मोठा असताना बेस प्लेटखाली शिअर की (आडवा जोर घेणारा खालचा तुकडा) देणं मला जास्त पटतं. तिच्यासाठी पेडेस्टलमध्ये खाच आधीच सोडावी लागते.

---

इरेक्शन_गँग

डिझाइन कितीही चांगलं असो, तीन गोष्टी साइटवर बघाच.

फ्लॅंज ब्रेस. राफ्टरच्या खालच्या फ्लॅंजपासून पर्लिनला जाणारा ५० × ५० × ५ चा तिरका अँगल. हॉन्चजवळ डेड-लाइव्हमध्ये आणि मधल्या भागात अपलिफ्टमध्ये हाच खालचा फ्लॅंज दाबात असतो. रिपोर्टमध्ये त्याची अनब्रेस्ड लांबी १.५ मीटर टाकलेली असते, आणि जीए (एकूण मांडणीच्या) ड्रॉइंगवर ब्रेस एक सोडून एक पर्लिनला, म्हणजे ३ मीटरवर असतो. तो मेंबर ०.९८ ला पास झालेला असेल तर प्रत्यक्षात नापास आहे. पहिलं काम: रिपोर्टमधली लांबी आणि ड्रॉइंगमधले ब्रेस एकेक करून जुळवा. दुसरं: शीट चढण्याआधी ते मोजा. दिव्याच्या केबल ट्रेला आडवे येतात म्हणून इलेक्ट्रिकवाले ते काढून ठेवतात आणि परत कुणी लावत नाही.

उभारणीचा क्रम. ब्रेसिंगच्या बेपासून सुरुवात. दोन फ्रेम उभ्या, त्यांच्यातले पर्लिन, फ्लॅंज ब्रेस, छताचं आणि भिंतीचं क्रॉस ब्रेसिंग ताणलेलं, प्लंब तपासलेला, मग पुढची फ्रेम. चार-पाच फ्रेम नुसत्या पर्लिनवर उभ्या करून संध्याकाळी घरी जाणं फार धोक्याचं. मे महिन्यातलं वळवाचं वारं लांबीच्या दिशेने आलं की सगळ्या फ्रेम पत्त्यासारख्या एकाच बाजूला आडव्या होतात. मुख्य फ्रेमला त्या दिशेने स्वतःचा जवळपास काहीच ताठपणा नसतो. गाय रोप (ताणाचे दोर) शीट बसेपर्यंत काढू नका.

छताचं आणि भिंतीचं ब्रेसिंग एकाच बेमध्ये हवं. शटरसाठी भिंतीचं शेजारच्या बेमध्ये ढकललं तर मधल्या ईव्ह स्ट्रटने (ईव्हजवळच्या आडव्या मेंबरने) तो जोर नेला पाहिजे, आणि ईव्ह पर्लिन त्यासाठी तपासलेला नसतो. जागाच नसेल तर त्या बेमध्ये पोर्टल (चौकटीसारखं) ब्रेसिंग करा.

एंड प्लेट. वेल्डिंगने प्लेट वाकते, दोन प्लेट मधे भिडतात आणि वर-खाली फट राहते, किंवा उलट. ताणाच्या बाजूच्या फ्लॅंजशी फट असेल तर बोल्ट कसून ती दाबून बंद करू नका, शिम घाला. ८.८ ग्रेडचे बोल्ट आधी सगळे स्नग (साध्या पान्याने घट्ट), मग टर्न ऑफ नट (नटाचा ठरलेला जादा फेरा), खडूची खूण करून. खूण दिसली नाही तर तो बोल्ट कसलेला नाही असंच धरा.

---

चाकण_प्लांट

सगळ्यांचे मनापासून आभार. तिघांना एकच बेसिस पाठवतो: लाइव्ह ०.७५, सोलर ०.१५ अपलिफ्टमध्ये न धरता, ३९ मी/से, कॅटेगरी २, ±०.५, उंची/१५०, हिंज बेस, बे ६.७५ आणि ७.७५, गेबल पोस्ट-अँड-बीम, वीटकाम सुटं. वजनाची फोड बिल्ट-अप, कोल्ड-फॉर्म्ड, ब्रेसिंग आणि बोल्ट अशी वेगळी मागतो.

मालक विचारतायत की क्रेनचं "पुढे बघू" म्हणून सोडलं तर चालेल का?

---

हॉन्च_ते_रिज

नाही, तेवढं आत्ताच ठरवा. ५ टनी क्रेनला ब्रॅकेट नंतर वेल्ड करता येतो, पण कॉलम तोपर्यंत उंची/१५० वर बेतलेला असतो. पेंडंटने (खालून हातातल्या बटणांनी) चालणाऱ्या क्रेनला आयएस ८०० उंची/२०० मागतो. रेल ६ मीटरवर असेल तर ३० मिमी. केबिनवाली क्रेन असेल तर उंची/४००, म्हणजे १५ मिमी. शिवाय दोन रेलमधलं अंतर १० मिमीपेक्षा जास्त बदलू नये ही अट वेगळी आहे, आणि ३० मीटर स्पॅनच्या हिंज फ्रेमला बहुतेकदा तीच जड जाते. छतावर भार आला की दोन्ही कॉलम बाहेर फाकतात, मग चाकं रेलला घासायला लागतात.

गँट्री गर्डरचं (क्रेनची रेल धरणाऱ्या बीमचं) उभं डिफ्लेक्शन विजेवरच्या क्रेनला स्पॅन/७५०. ७.७५ मीटरच्या बेला १०.३ मिमी. म्हणजे क्रेन येणार असेल तर मोठा बे पर्लिनलाच नव्हे, गर्डरलाही महाग पडतो, आणि बेचा विचार पुन्हा ७ मीटरच्या आसपास करावा लागेल. क्रेनच्या मेंबरला वेब-फ्लॅंज वेल्ड दोन्ही बाजूंनी मागा. एका बाजूचं वेल्ड वारंवार बदलणाऱ्या भाराला घालू नये.

मालकांना दोन भाव काढून दाखवा, क्रेनसह आणि क्रेनशिवाय, बाकी बेसिस तोच. लांबीच्या काही भागातच क्रेन लागणार असेल तर तेवढ्याच बेंचे कॉलम जड करून घ्या, आणि क्रेनचा लांबीच्या दिशेचा ब्रेकिंगचा जोर घेणारं ब्रेसिंग त्याच भागात रेलच्या पातळीपर्यंत अँगलचं किंवा पाइपचं करा, रॉडचं नको.

---

प्लेट_कटिंग

भर एवढीच: क्रेनसहच्या भावात ब्रॅकेटसमोर कॉलमच्या वेबला स्टिफनर आहेत का ते ड्रॉइंगवर बघा. कारखान्यात ते दोन प्लेटचं काम आहे. कॉलम उभा राहिला, रंग लागला, बाहेरून शीट बसलं की त्याच दोन प्लेटसाठी शीट काढावं लागतं.